पहाटेचा आकडा बघून प्लॅन घ्या

ॲमेझॉनच्या क्लाउडवरचा (भाड्याच्या सर्व्हरचा) खर्च कमी करण्याबद्दलच्या लेखात ‘तीन वर्षांचा करार घ्या, सवलत जास्त मिळते’ असं म्हटलंय, पण एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. ॲमेझॉनच्या सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये, म्हणजे ठरावीक खर्चाची हमी देऊन सवलत मिळवायच्या करारात, बांधिलकी तासागणिक असते. रात्री सर्व्हर बंद ठेवलेत तरी त्या तासाचे ठरलेले पैसे जातातच, उरलेले पुढच्या तासाला वापरता येत नाहीत! म्हणून मी वापराच्या ग्राफमधला पहाटेचा सगळ्यात खालचा आकडा बघते आणि तेवढ्यापुरताच प्लॅन घेते. वरचा चढउतार ऑन-डिमांडवर, म्हणजे बांधिलकीशिवाय, वापरू तेवढेच पैसे. ईसी-टू इन्स्टन्सचा (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरचा) प्लॅन ७२ टक्क्यांपर्यंत सूट देतो खरा, पण एका रीजनमधल्या (भौगोलिक विभागातल्या) सर्व्हरच्या एकाच फॅमिलीला (प्रकाराला) बांधून ठेवतो. कॉम्प्युट प्लॅनची सूट ६६ टक्क्यांपर्यंतच, पण तो फारगेट आणि लॅम्ब्डा या सर्व्हर न सांभाळता प्रोग्रॅम चालवायच्या सेवांनाही चालतो. मशीन बदलायची जरा जरी शक्यता असेल तर हाच घ्या, आणि तोही आधी एक वर्षाचाच.