निपचित कुठला, चांगलाच कामाला लागलेला असतो

क्षयाचा जंतू मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीत शिरला की निपचित पडून राहतो, हे क्षयावरच्या लेखातलं विधान पटलं नाही. सुप्त अवस्था असते, मान्य. पण तिथवर पोचायला त्याला बरेच उद्योग करावे लागतात! पेशी जंतूला गिळून एका पिशवीत कोंडते आणि आत आम्ल वाढवून त्याचा निकाल लावायला बघते. जंतू मात्र पीटीपीए नावाचं प्रथिन पेशीत सोडतो आणि आम्ल वाढवणाऱ्या पंपाला त्या पिशवीवर बसूच देत नाही. चोराने घरात शिरून आधी मेन स्विच पाडावा, तसं.

लेखात ईसॅट-६ या क्षयाच्या जंतूच्या प्रथिनाचा एका ओळीत उल्लेख आहे, पण बीसीजी या क्षयाच्या लसीत हे प्रथिन नसतंच, हे लिहायचं राहिलं. १९०८ ते १९२१ या काळात ही लस बनवणारे काल्मेत आणि गेरँ हे शास्त्रज्ञ गाईच्या क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा वाढवत होते, तेव्हा या प्रथिनाचं जनुक गळालं. मी लॅबमध्ये काम करते. मॅन्टू या क्षयसंसर्ग तपासायच्या टोचणीची गाठ पट्टीने मोजत असतानाच समोरचा विचारतो, "टीबी आहे का हो, ताई?" त्या टोचणीतली बरीच प्रथिनं बीसीजीतही असल्यामुळे कधीकधी नुसत्या लसीनेही गाठ येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सीवाय-टीबी चाचणीत ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही बीसीजीत नसलेली प्रथिनं वापरतात, त्यामुळे हा घोळ टळतो. अर्थात संसर्ग सुप्त आहे की आजार सुरू झालाय, हे तीही सांगत नाही. त्यासाठी एक्स-रे आणि थुंकीची तपासणी लागतेच.