सांडपाण्याला हात न लावता सांडपाण्यात पीएचडी

आधी शीर्षक पक्कं करा. 'सांडपाण्यातील औषधी अवशेषांचे शाश्वत निर्मूलन' एवढं पुरे आहे, पण त्यात कुठेतरी 'ग्रीन' आणि 'लो-कॉस्ट' बसलं तर समितीच्या माना लवकर डोलतात.

औषध म्हणून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकच घ्या. पॅरासिटामॉल नको, ते सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणूच खाऊन टाकतात, तुमच्यासाठी काही उरत नाही. फिट्सवरच्या कार्बामाझेपिनला ते जिवाणू तोंडही लावत नाहीत, आलं तसंच पुढे जातं. म्हणजे खरा प्रश्न तिथे आहे, म्हणून तिकडे फिरकू नका. डायक्लोफेनॅक स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं हे मोजणाऱ्या यंत्रावर, 276 नॅनोमीटरला ठसठशीत शिखर देतं, शिवाय प्रस्तावनेला गिधाडं आयती मिळतात. ती गिधाडं सांडपाण्याने मेली नाहीत, हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन मेली, आणि म्हणूनच 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. पण नमनाला घडाभर तेल लागतंच. पहिल्या पानावर एवढ्या खोलात कोण शिरतं?

आता शाश्वतपणा. शेंगांची टरफलं आणा, धुऊन वाळवा, मिक्सरवर भरड करा. दहा ग्रॅम भरडीवर वीस ग्रॅम फॉस्फोरिक ॲसिड ओता, रात्रभर मुरू द्या आणि झाकणाच्या क्रुसिबलमधून मफल फर्नेस या भट्टीमध्ये 500 अंशांवर दोन तास ठेवा. चारेक ग्रॅम काळी पूड हाती येते, हाच तुमचा औषध शोषून घेणारा कोळसा. ती उदासीन होईपर्यंत डिस्टिल्ड वॉटरने धुवायची. पीएच साडेचारवर अडून बसतो आणि तिथेच घोडं पेंड खातं. तीन-चार लिटर पाणी सहज जातं, आणि त्या प्रत्येक लिटरमागे डिस्टिलेशन युनिटचं थंड करायचं पाणी नळीतून वाहत असतं, ते वेगळं. मग ही पूड लिटरला एक ग्रॅम या मात्रेने वापरा. म्हणजे चार लिटर पाणी शुद्ध करायला चार लिटर ॲसिडचं पाणी बेसिनमध्ये गेलं. हा हिशेब प्रबंधात मांडायचा नसतो. तिथे 'टरफलं फुकट मिळतात' असं लिहायचं.

डायक्लोफेनॅकचं द्रावण लिटरला 50 मिलिग्रॅमचं करा. अंगदुखीची एक गोळीही 50 मिलिग्रॅमचीच असते, म्हणजे लिटरभर पाण्यात एक अख्खी गोळी. शहरी सांडपाण्यात हे औषध लिटरला एखाद मायक्रोग्रॅम असतं. तिथे तीच गोळी दहा-दहा हजार लिटरच्या पाच टँकरांत विरघळलेली असते. पण एवढं कमी मोजायचं तर अर्धा लिटर नमुना औषध धरून ठेवणाऱ्या एसपीई कार्ट्रिजमधून थेंबथेंब ओढून मिलिलिटरभर करावा लागतो, आणि मग एलसी-एमएस या सूक्ष्म मात्रा मोजणाऱ्या यंत्राच्या रांगेत ताटकळायचं. कोणी नावं ठेवलीच तर हैदराबादजवळच्या पाटणचेरूचं नाव घ्या. तिथल्या औषध कारखान्यांचं पाणी घेणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं 2007 मध्ये छापून आलं. औषध वेगळं, पाणी वेगळं, पण आकडा तुमच्याजवळचा आहे.

यातली खरी किमया पीएचमध्ये आहे, म्हणून इथे घाई नको. पीएच 2 ते 10 फिरवा. दोनला 98 टक्के निर्मूलन मिळेल आणि गाइड खूश होतील. होतं असं, की पीएच चारच्या खाली डायक्लोफेनॅकचा सोडियम क्षार आम्लरूपात जातो, आणि हे आम्ल पाण्यात लिटरला जेमतेम काही मिलिग्रॅमच विरघळतं. बाकीचं खाली बसतं. मग तुम्ही 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळता, कण फिल्टरवर अडकतात, वर नायलॉनचा फिल्टर स्वतःही थोडं औषध धरून ठेवतो, आणि यश कोळशाच्या नावावर जमा होतं. त्यामुळे शेकरवर कोळसा न घातलेला फ्लास्क चुकूनही ठेवू नका. त्यातही नव्वद टक्के निघालं तर तीन वर्षांवर पाणी. उद्या प्रकाशात औषध तोडणारं टायटॅनियम डायऑक्साइड घालून उन्हात प्रयोग केलात तर तिथेही हेच पथ्य पाळा. हे औषध नुसत्या उन्हानेही तुटतं.

आलेखाची काळजी नको. शोषणाच्या वेगाच्या स्यूडो-सेकंड-ऑर्डर समीकरणाचं रेषीय रूप वापरा, वेळ भागिले शोषण विरुद्ध वेळ. काळ दोन्ही अक्षांवर असल्यावर रेषा सरळ येणार नाही तर काय होईल? रेषा किती जुळते ते सांगणारा आर-स्क्वेअर 0.999. पुनर्वापराची चक्रं पाचच दाखवा, सहावं कोणी मागत नाही. दर चक्रात कोळसा ज्या मिथेनॉलने धुतला, त्यात आता सगळं औषध आहे. त्याचं पुढे काय झालं, हे 'साहित्य आणि पद्धती'मध्ये लिहायची चाल नाही.

किती काढलं म्हणजे पुरे, हेही तुम्हीच ठरवा. केंद्र सरकारच्या 2020 च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा होत्या, 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या गळल्या. वेदनाशामकाचं तर कोणी विचारतही नाही.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतीलच, 'खरं सांडपाणी वापरलं का?' वापरलं नाहीत तेच बरं. त्यातला सेंद्रिय कचरा 276 ला स्वतःच प्रकाश शोषतो, म्हणजे रीडिंगची वाट लागली. लिटरला सीओडी, म्हणजे सेंद्रिय कचऱ्याचं माप, 300 मिलिग्रॅम आणि औषध एक मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन लाख पटींची गर्दी, आणि कोळशाची छिद्रं त्या गर्दीनेच बुजतात. 'फ्यूचर स्कोप, सर' म्हणायचं आणि स्लाइड पुढे सरकवायची.

पदवी मिळाली की टेबल रिकामं करा. फ्रिजमध्ये लिटरला 1000 मिलिग्रॅमचं स्टॉक सोल्यूशन अर्धा लिटर तरी उरलेलं असतं. बेसिनमध्ये ओता, वरून नळ सोडा. त्यात 500 मिलिग्रॅम औषध आहे. पाच लाख लिटर मैलापाण्यात मिसळलं की लिटरला बरोब्बर एक मायक्रोग्रॅम. तुमच्या प्रस्तावनेतला आकडा.