सोळा एप्रिलचा फळा

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत जिन्याखाली एक फळा आहे. पाण्याची वेळ, मीटिंगची नोटीस आणि वरच्या कोपऱ्यात दिनविशेष. तो कोपरा माझा. सकाळी लोकल पकडायच्या आधी दोन ओळी खडूने लिहून निघते.

16 एप्रिलला ठाण्यात वेगळं काय लिहिणार? 1853 साली याच दिवशी दुपारी 3:35 ला बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली ती आपल्या ठाण्याला आली. 14 डबे, 400 निमंत्रित, साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, वर 21 तोफांची सलामी. यंदा तळमजल्यावरचे काका म्हणाले, "दरवर्षी तेच काय गं? त्या तारखेला जगात दुसरं काही घडलंच नाही का?"

घडलंय की. 1912 च्या 16 एप्रिलला हॅरिएट क्विंबी ही अमेरिकन वैमानिक एकटी, धुक्यातून, होकायंत्राच्या भरवशावर इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला उतरली. असं करणारी पहिली बाई. पण आदल्याच दिवशी पहाटे टायटॅनिक बुडालेलं. पेपरांमध्ये तिला धड जागाच मिळाली नाही, आणि जुलैत ती विमानातून पडून गेली. मला हे फार लागलं. राइट बंधूंतला थोरला, विल्बर, त्याचा जन्मही 16 एप्रिलचाच, 1867 चा. तो सगळ्यांना माहीत, ही कुणालाच नाही.

आणि 1947. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या धक्क्यावर ग्रांकां नावाच्या जहाजात अमोनियम नायट्रेट, म्हणजे खत, भरलेलं होतं. आग लागली. पाणी मारलं तर माल खराब होईल म्हणून झाकणं बंद करून आत वाफ सोडली. हे खत जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, त्यामुळे वाफेने ते विझलं नाही, उलट तापत गेलं. धुराचा केशरी रंग बघायला लोक जमले होते. सकाळी 9:12 ला स्फोट झाला. पाचशेच्या वर माणसं गेली. गावच्या अग्निशमन दलात 28 जण होते, त्यातले 27 गेले.

हे वाचताना मला आपली मुंबईची गोदी आठवली. 14 एप्रिल 1944, फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं, आणि धोक्याचा लाल बावटा लावलेला नाही. आपले 66 जवान आग विझवता विझवता गेले. तेव्हापासूनच 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन.

मी हे सगळं ग्रुपवर टाकलं तर लगेच सुरू, "एप्रिलचा मधला आठवडाच जड." मला हे अजिबात पटत नाही. वर्षाला दिवस 365 आणि घटना लाखो, तारखा जुळणारच. जुळलं ते दुसरंच आहे. दोन्हीकडे भलता माल नीट खबरदारी न घेता भरला, आणि आधी धावून गेले ते बंबवाले गेले. त्याचं खापर पंचांगावर फोडणं म्हणजे त्या माणसांचा अपमान आहे.

14 एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची ओळ असतेच. पुढच्या वर्षीपासून तिच्याखाली ते 66 जवान असतील, आणि 16 ला रेल्वेच्या खाली हॅरिएट. तुमच्या घरी आजी-आजोबांनी गोदीच्या स्फोटाचं काही सांगितलं असेल तर खाली लिहा. फळ्यावर अजून जागा आहे.