कितीचं बसवायलाव, सर?

परभणीत पाण्याची टंचाई होते, खताची होते, अधूनमधून डॉक्टरांचीही होते. उन्हाची झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही अभिमानानं म्हणतो. त्यातल्या जर्मनीनं आमच्या निम्म्या उन्हात सूर्याच्या विजेत नाव काढलं आणि आम्ही मात्र डोक्याला उपरणं गुंडाळून सावली शोधत राहिलो. म्हणून यंदा छतावर सोलार बसवायचंच असं घरात ठरलं. बसवण्यावर एकमत व्हायला दहा मिनिटं लागली. ‘कितीचं’ या प्रश्नावर मात्र वसमत रोडवरचा प्रत्येक माणूस माझ्याशी बोलून गेला.

आमच्याकडे हल्ली रामराम घालायच्या आधी हाच प्रश्न येतो. “कितीचं बसवायलाव, सर?” दोनचं, म्हणजे दोन किलोवॅट ताकदीचं, म्हटलं की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, “काहून? अडचण हाय का काही?” पाचचं म्हटलं की लगेच खुर्ची पुढे येते. नांदेडच्या मेहुण्यानं पाच किलोवॅट बसवलंय. घरात माणसं दोन, त्यातली एक वर्षातले सहा महिने पुण्याला मुलीकडे. पण फोनवर तो असा बोलतो, जणू परळीचं औष्णिक केंद्र त्याच्यामुळेच निवांत आहे.

मी मास्तर माणूस. बिलं काढली, वही काढली. महावितरणच्या बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो; तो भाग आपण सहसा बघत नाही, कारण डोळे आधी रकमेवर जातात आणि मग मिटतात. डिसेंबरात दीडशे युनिट, मे महिन्यात कूलरच्या कृपेनं साडेतीनशेच्या वर. वर्षाची बेरीज 2,700च्या आसपास. 365नं भागलं, रोजचे साडेसात युनिट आले. एक किलोवॅटचं सोलार वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण चार युनिट देतं. म्हणजे दोन किलोवॅटला जेमतेम भागतं. गणित पाचवीच्या पोराला सुटेल असं आहे. पण ते घरात मांडलं आणि घोटाळा सुरू झाला.

“मग एसीचं काय?” बायकोनं विचारलं.

“आपल्याकडे एसी कुठाय?”

“सोलार बसवल्यावर घ्यायचाच हाय की! फुकटची लाईट वाया घालवायची का?”

पुण्याहून मुलानं फोनवर इलेक्ट्रिक स्कूटरचा विषय काढला. आईनं बोअरच्या मोटारीची आठवण दिली. फुकट विजेची नुसती चाहूल लागताच घराला इतकी उपकरणं हवीशी झाली, की दहा किलोवॅटही कमी पडावं.

त्यात अनुदान. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार मिळतात. तीनला एकूण 78 हजार, आणि त्याच्यावर कितीही चढा, 78 हजारच. चौकातल्या चहावाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळे एकच सांगतात, “सर, 78 हजार सोडता का?” अहो, दोनला 60 हजार मिळतातच, तिसऱ्यासाठी सरकार फक्त 18 हजार देणार आणि बाकीचे मी. हे समजावताना माझा घसा सुकला. 78 हा आकडा ज्याच्या कानात एकदा शिरला, त्याच्या कानात पुढे वजाबाकी शिरत नाही.

एजन्सीवाले आले ते वेगळ्याच तोऱ्यात. एकानं छतही न बघता जिन्यातूनच “पाच घाला” म्हणून सांगितलं. दुसरा दहावर अडून बसला. उरलेली वीज महावितरणला विकून पेन्शनसारखे पैसे येतील, असं त्याचं म्हणणं. वर्षभर उरलेल्या युनिटांचा हिशेब मार्चअखेर होतो आणि आपण ज्या दरानं वीज घेतो त्याच्या कितीतरी खालचा दर हातावर पडतो, हे मी त्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की पुढाऱ्याला भर सभेत मागच्या निवडणुकीतलं आश्वासन विचारावं. बिलही अगदी शून्य होत नाही म्हणा. स्थिर आकार नावाचा पाहुणा दर महिन्याला येतोच.

तिसरा पोरगा मात्र कामाचा निघाला. टेप घेऊन छतावर चढला, भर दुपारी. मी कौतुकानं म्हणालो, “आपल्याकडे त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री असतं, वीज बदाबदा येत असेल!” तो म्हणाला, “सर, प्लेटीला उजेड लागतंय, गरमी नाही लागत.” पॅनलवर छापलेले वॅट हे पॅनल पंचवीस अंशाला असताना मोजलेले असतात. मे महिन्यात आमच्या छतावरचं पॅनल साठीच्या पुढे तापतं आणि दर वाढत्या अंशाला पाव-अर्धा टक्का ताकद गळते. म्हणजे ज्या उन्हाच्या भरवशावर आम्ही छाती फुगवत होतो, त्याच उन्हात पॅनलही आमच्यासारखंच मलूल पडतं. थंडीतलं स्वच्छ ऊन त्याला जास्त मानवतं. त्यानं पुढचं सांगितलं तेव्हा तर घर हादरलं. लाईट गेली की हे सोलारही बंद. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला छतावरून शॉक बसू नये म्हणून पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा सोलारचा इन्व्हर्टर आपणहून थांबतो. बॅटरीचं घेतलं तर चालतं, पण खर्च वाढतो.

आईला हे काही केल्या पटेना. “वर ऊन, छतावर प्लेटा, अन् घरात पंखा बंद? मंग बसवायचं कशाला, शोभंला?”

आईचा खरा राग छताच्या जागेचा होता. एका किलोवॅटला सावली न पडणारी शंभरेक चौरस फूट जागा लागते. एकेक पॅनल साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, तीन किलोवॅटला अशी सहा. म्हणजे आईच्या कुरडया, शेवया, सांडगे यांचं सगळं राज्य गेलं. पोरानं उपाय सुचवला, “आज्जी, आठ फूट उंच अँगलवर बसवतो. खाली जागा मोकळीच राहती की.” आईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “सावलीत कुरडया वाळवू का रं बाबा?” पोरगा गप. नंतर जाताना जिन्यात हळूच मला म्हणाला, “सर, अख्ख्या जिल्ह्यात एवढा टेक्निकल प्रश्न कुणीच विचारला नव्हता.”

गावाकडच्या चुलतभावाचं मला खरंच असूया वाटावी असं आहे. त्यानं शेतात सौर पंप घेतला. तिथं नियमच आहे : अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. सातबारा दाखवला, पंप आला. ना मेहुणा, ना चहावाला. आमच्यासाठीही सरकारनं एक कोष्टक दिलंय : महिना दीडशे ते तीनशे युनिट वापर असेल तर दोन ते तीन किलोवॅट. माझी सरासरी सव्वादोनशे. म्हणजे निवाडा पुन्हा माझ्याच गळ्यात.

शेवटी मी एसीचे शंभर रात्रींचे सातशे युनिट वहीत धरले, स्कूटर धरली, पावसाळ्यातले ढग आणि उन्हाळ्यातली धूळ धरली आणि तीनवर शिक्कामोर्तब केलं. पाचचा नाद सोडला. लोकांना तोंड दाखवण्यासाठी जास्तीचे दोन किलोवॅट हप्त्यानं घ्यावेत, एवढा माझा पगार नाही. छताची उत्तरेकडची बाजू आईला. तिथं ऊनही पडेल आणि चिमण्या हाकलायला तिला भिंतीची टेकणही मिळेल.

पोरानं शेवटची चौकशी दक्षिणेची केली. पॅनलची तोंडं दक्षिणेला, त्यामुळे त्या बाजूला आडोसा नको. एका पॅनलवर सावली पडली तरी जोडीची सगळी सुस्तावतात. दक्षिणेला शेजारच्या काकांचं बैठं घर. “मजला चढणार नाही ना?” पोरानं विचारलं. काका मजल्याचं बोलताहेत तेव्हापासून त्यांच्या नातवाला मिशा फुटल्या, त्यामुळे मी बिनधास्त मान हलवली आणि अर्ज भरला.

संध्याकाळी काका गेटवर आले. “कितीचं ठरलं?”

“तीनचं.”

काकांनी जरा विचार केला, मग समाधानानं हसले. “मंग मी चारचं बसवतो. अन् आता वरचा मजला बांधूनच बसवतो. उंचावर ऊन चांगलं लागंल.”