दरवाजे काढलेली जीप: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘जुन्या जीपला दरवाजे नसायचे, म्हणून थारचे दरवाजे काढून पन्हाळ्याला गेलं तरी चालतं’ हा कोल्हापुरात फिरणारा मेसेज चुकीचा आहे. काही जुन्या जीप कंपनीतूनच बिनदरवाजाच्या आल्या. तुमची गाडी दरवाजांसह नोंदलेली आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. कलम 182-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिवाय थारचे बाहेरचे आरसे दरवाजावरच असतात. दरवाजा उतरला की आरसा गेला. गगनबावड्याच्या घाटात मागून येणारी एसटी दिसणार कशी? बाजूच्या धडकेचा मार झेलणारी पोलादी पट्टीही दरवाजातच असते. सीटबेल्ट त्या पट्टीची जागा घेत नाही. अपघात झाल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी याच बदलावर अडवू शकते.