वही, नोट आणि भिशी

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा आमच्या घरात रोकड म्हणून तेवढ्याच काही नोटा होत्या. दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेतल्या आमच्या नेहमीच्या वाण्याने एक शब्द न विचारता किराणा बांधून दिला आणि लाल वहीत आकडा मांडला. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीचे वचन त्याच्या दुकानात चालेनासे झाले होते, वही मात्र चालत होती. पुढे कितीतरी दिवस मी ज्याला त्याला ऐकवत असे, की माणसाची पत हाच खरा पैसा.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही ऐकवले. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हाला दिलं हो त्यानं. मला सुटे मोजल्याशिवाय साखरसुद्धा मिळाली नव्हती." (वाण्याला दोष देत नाही, बुडालेल्या उधारीचे दुःख त्यालाच ठाऊक.)

आपण ज्या विश्वासाचे एवढे कौतुक करतो, तो बहुधा आडनाव आणि पत्ता पाहूनच ठेवला जातो. नोट घेणाऱ्याचे नाव विचारत नाही, हे तिचे मोठेपण मला तेव्हा उमगले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे जे विधेयक मांडले, त्यात बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवून ती शेतसाऱ्याबरोबर वसूल करण्याची तरतूद होती. गावाची मर्जी सांभाळत खळ्यावरून मिळणारे धान्य आणि हक्काने हाती पडणारा रुपया यांतले अंतर त्यांनी नेमके ओळखले होते. पूर्वी पैसा कमी होता पण माणुसकी होती, असे उसासे आपण टाकतो, तेव्हा धान्य देणाऱ्याच्या ओट्यावर बसून बोलत असतो.

हाच पैसा आता पुन्हा नावगाव विचारू लागला आहे. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मावशी एका बँकेत गेल्या, तर आजवर कर्जच न काढल्यामुळे ३०० ते ९०० च्या त्या सिबिलच्या मोजपट्टीवर त्यांचा आकडाच निघेना. कुणाचे देणे न ठेवणे हीच माझ्या आजोबांच्या लेखी पत होती. बँकेच्या लेखी ती कोरी पाटी ठरली.

याच मावशी चौदा वर्षे बारा बायकांची भिशी चालवतात. दरमहा प्रत्येकीचे दोन हजार, चिठ्ठी निघेल तिला चोवीस हजार. टाळेबंदीत भिशी तीन महिने थांबली, तरी पुढे सर्वांचा हिशेब पुरा झाला. अर्थात ओळख तिथेही लागते आणि नव्या बाईसाठी जुन्या दोघींना जामीन राहावे लागते. पण तिथे पाहिले जाते ते मागचे वागणे, आडनाव नव्हे.

गेल्या महिन्यात एक बाई गावी परतल्याने जागा रिकामी झाली. मला घ्या, असे मी म्हटले. बाकीच्या बायकांना विचारून सांगते, असे मावशी म्हणाल्या. अजून उत्तर आलेले नाही.