पेंटेकॉस्ट कॉन्स्टंटाईनने आणला म्हणे! आधी पन्नास दिवस मोजा

ईस्टर उलटून मे महिना लागला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पेंटेकॉस्टबद्दल, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्याची आठवण म्हणून ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पाळतात त्या ख्रिस्ती सणाबद्दल, एक मजकूर हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला, त्यातले दोघे आमच्याच चर्चच्या मंडळीतले. मजकूर थोडक्यात असा: ‘पेंटेकॉस्ट हा शब्द ग्रीक आहे, म्हणजे सणही ग्रीक-रोमन मूर्तिपूजकांचा. यहुद्यांच्या शास्त्रात या नावाचा सणच नाही. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाईनने तो चर्चमध्ये घुसवला. त्या दिवशी शिष्य जे बोलले ती अर्थहीन बडबड होती. बघणाऱ्यांनीच त्यांना दारुडे म्हटलं. आणि आजचा पेंटेकॉस्टल पंथ म्हणजे निव्वळ अमेरिकन माल.’ त्याखाली एका भाविकाने बाणेदार उत्तर ठोकलं होतं: ‘यहुद्यांचा सण त्या दिवशी रद्द झाला, आता तो फक्त आमचा.’ मजकूर जितका चुकीचा, तितकंच हे उत्तरही. चर्चच्या शब्बाथशाळेत, म्हणजे संडे स्कूलमध्ये, मुलांना हा धडा शिकवताना मीही पूर्वी असंच काहीबाही सांगत असे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात नावापासून. पेंटेकॉस्ट म्हणजे ग्रीकमध्ये ‘पन्नासावा’, हे बरोबर. पण नाव ग्रीक म्हणून सण ग्रीक, असंच म्हणायचं तर ‘बायबल’ हा शब्दही ग्रीकच. मग यहुद्यांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेलाही अथेन्सचा रहिवासी करावं लागेल. ख्रिस्ताच्या आधीपासून देशोदेशीचे यहुदी ग्रीक बोलत होते, अलेक्झांड्रियात तर शास्त्रही ग्रीकमधूनच वाचत होते. आपल्या जुन्या सणाला त्यांनी बोलीतलं नाव दिलं, इतकंच. तोबीतचं पुस्तक उघडून पाहा. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ते नाही, कॅथलिक बायबलमध्ये आहे. पण ते यहुदी लेखणीतून आणि ख्रिस्तापूर्वी उतरलेलं आहे, आणि मृत समुद्राजवळ कुम्रानच्या गुहांत त्याचे अरामी-हिब्रू तुकडे सापडले आहेत. त्याच्या दुसऱ्या अध्यायात तोबीत सांगतो की आमचा पेंटेकॉस्टचा, म्हणजे सप्ताहांचा पवित्र सण आला, पंगत मांडली, आणि मी मुलाला म्हटलं, जा, आपला कोणी गरीब बांधव भेटला तर जेवायला घेऊन ये, तोवर मी थांबतो. मुलगा परततो तो बाजारात आपल्यातल्याच एकाचा गळा दाबून प्रेत टाकल्याची बातमी घेऊन. तोबीत घास न घेता ताटावरून उठतो. सणाचं नाव आणि सणाची रीत, दोन्ही या एका प्रसंगात आहेत.

यहुदी इतिहासकार योसेफस तर राजकारणातली साक्ष देतो. इ.स.पू. ४ मध्ये महान हेरोद मेल्यावर पेंटेकॉस्टसाठी गालील, इदोम, यरीहो आणि यार्देनेपलीकडून माणसं यरुशलेमेत लोटली आणि सबिनस या रोमन अधिकाऱ्याविरुद्ध उठली. कॉन्स्टंटाईन जन्माला यायला तेव्हा पावणेतीनशे वर्षं बाकी होती.

आता ‘शास्त्रात सणच नाही’. नाव नाही, सण मात्र मोशेच्या पुस्तकांतच पाच ठिकाणी आहे. निर्गम २३, निर्गम ३४, लेवीय २३, गणना २८, अनुवाद १६. कुठे तो कापणीचा सण, कुठे सप्ताहांचा, कुठे प्रथमफळांचा दिवस. हे समजायला शेत डोळ्यांपुढे आणावं लागतं. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि सुगी उन्हाळ्याच्या तोंडाशी. आधी जव पिकतो, वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेच्या सणाच्या सुमारास. त्याची पहिली पेंढी याजक देवापुढे ओवाळणार, आणि ती ओवाळली जाईपर्यंत नव्या धान्याची भाकर नाही की भाजलेल्या ओंब्या नाहीत. नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. त्या पेंढीच्या दिवसापासून सात आठवडे मोजायचे. तोवर गहू तयार होतो. पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या पिठाच्या दोन भाकरी देवापुढे आणायच्या.

या भाकरींत खमीर असतं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. वल्हांडणात घरात खमिराचा कणही चालत नाही आणि इथे मात्र ‘खमीर घालून भाजलेल्या’ असं बजावून सांगितलंय. खमीर वेदीवर जाळायची मनाई असल्यामुळे या भाकरी जाळत नसत, ओवाळून याजकाला देत. सुटकेच्या रात्री घाईने थापलेली बेखमीर भाकर एका टोकाला, आणि स्वतःच्या शेतात स्थिरावलेल्या माणसाची रोजची फुगलेली भाकर दुसऱ्या टोकाला. मधले पन्नास दिवस म्हणजे गुलामाचा शेतकरी होण्याचा प्रवास. यहुदी परंपरेत या सणाला ‘अत्झेरेत’ म्हणतात, म्हणजे वल्हांडणाचा समारोप. ते नाव का पडलं असावं हे इथे कळतं.

आणि पंगतीला कोण? अनुवाद १६ मध्ये यादीच आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, अनाथ, विधवा. लेवीय २३ मध्ये सणाचे नियम संपता संपता एक वाक्य येतं, की शेताच्या कडा कापून साफ करू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. या सणाला सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी सभास्थानात, रूथचं पुस्तक वाचतात. ती परकी, विधवा, आणि बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी. प्रथमफळं मंदिरात कशी नेत याचं वर्णन मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात आहे: पुढे बैल, शिंगांना सोन्याचा मुलामा, डोक्यावर जैतुनाची माळ, बरोबर बासरी. श्रीमंताची टोपली सोन्याचांदीने मढवलेली, गरिबाची सोललेल्या वाळुंजाच्या काड्यांची. मंदिराच्या टेकडीवर पोहोचलं की अग्रिप्पा राजासुद्धा टोपली स्वतःच्या खांद्यावर घेणार.

शिष्यांवर आत्मा उतरून ते परक्या भाषांत बोलू लागले ती हकीगत, म्हणजे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय २, या गर्दीत घडते. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपटेम्या, कप्पदुकिया, पंत, फ्रुगिया, मिसर, लिबिया, रोम, क्रेत, अरबस्तान: हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकची ही यादी शब्बाथशाळेतली मुलं अडखळत वाचतात आणि आम्ही ‘पुढे जा’ म्हणतो. पण एवढ्या देशांची माणसं सकाळी नऊ वाजता यरुशलेमेत काय करत होती, या प्रश्नाला एकच सरळ उत्तर आहे. ती सणाला आली होती. १९१३-१४ च्या उत्खननात यरुशलेमच्या जुन्या भागात एक ग्रीक शिलालेख मिळाला. थिओडोटस नावाच्या याजकाने सभास्थान बांधलं, आणि परदेशातून येणाऱ्यांसाठी उतरायच्या खोल्या व पाण्याची सोय केली, असं त्यावर कोरलंय. ग्रीक बोलणाऱ्या यात्रेकरूंची धर्मशाळाच ती. सण काढून घेतला तर त्या दिवशी प्रवचन करणाऱ्या पेत्र या शिष्याला श्रोतेच उरत नाहीत.

ख्रिस्ती अर्थही त्याच शेतातून उगवलेला आहे. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्त हा महानिद्रा घेणाऱ्यांतलं प्रथमफळ आहे. रोमकरांना लिहिताना ‘आत्मा हे प्रथमफळ’ म्हणतो. पहिली पेंढी ओवाळायच्या दिवसांत पुनरुत्थान, गव्हाच्या भाकरींच्या दिवशी पवित्र आत्मा आणि तीन हजारांचा बाप्तिस्मा. पेरणी, पेंढी, भाकर हे ज्याला ठाऊक नाही त्याला ‘प्रथमफळ’ हा शब्द नुसता धार्मिक आवाज वाटतो. पेत्राने योएल संदेष्ट्याचं जे वचन घेतलं त्यातही मुलगे, मुली, दास, दासी आहेतच. अनुवादातल्या पंगतीची यादी आठवून पाहा.

कॉन्स्टंटाईनचं प्रकरण थोडक्यात. इ.स. २०० च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन बाप्तिस्म्यासाठी योग्य काळ म्हणून पेंटेकॉस्टचं नाव घेतो. शिवाय मूर्तिपूजकांच्या सणांत रमणाऱ्या ख्रिस्ती लोकांना तो टोमणा मारतो, की परराष्ट्रीयांचे सगळे सण एका ओळीत मांडले तरी आपल्या एका पेंटेकॉस्टएवढे भरणार नाहीत. मूर्तिपूजकांकडून उसना घेतलेला सण त्यांच्याच तोंडावर कोण मिरवेल? स्पेनमधल्या एल्व्हिराच्या धर्मसभेने चौथ्या शतकाच्या सुरुवातीलाच पेंटेकॉस्ट पाळण्याचा नियम केला. ३२५ ची निकियाची धर्मसभा या दिवसांत गुडघे न टेकता उभं राहून प्रार्थना करा, एवढंच सांगते. सण काय हे समजावत नाही, कारण तो सगळ्यांना माहीत होता.

मात्र मजकुरात रतिभर तथ्य आहे, ते मान्य करतो. सुरुवातीच्या मंडळीत पेंटेकॉस्ट म्हणजे अख्खे पन्नास दिवस, एकच लांबलेला आनंदाचा काळ. शेवटचा दिवस वेगळा काढून पवित्र आत्म्याचा सण म्हणून, आणि चाळिसावा स्वर्गारोहणाचा म्हणून, हे ठळकपणे चौथ्या शतकातच होत गेलं. त्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची यात्रेकरू बाई यरुशलेमेत होती. पेंटेकॉस्टला पहाटेपासून रात्रीपर्यंत लोक या जागेवरून त्या जागेवर कसे उपासनेला फिरतात आणि थकतात, ते तिने लिहून ठेवलंय. म्हणजे मांडणी बदलली. सण नवा नाही.

‘बडबड’ म्हणणाऱ्याने अध्याय पुरता वाचलेला नाही. ऐकणारे चकित झाले ते काही कळत नव्हतं म्हणून नाही, तर प्रत्येकाला आपापल्या मातृभाषेत कळत होतं म्हणून. दारूचा आरोप करणारे थट्टेखोर काही जण होते, आणि पेत्राने त्यांना दिवस नुकता वर आलाय एवढंच सुनावलं. करिंथच्या मंडळीतल्या, अर्थ सांगणारा लागणाऱ्या भाषा हा निराळा विषय. दोन्हींची खिचडी आमचे लोकही करतात. इथेही मुळं यहुदीच आहेत. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो, मोशेला नियमशास्त्र मिळालं त्या सीनाय पर्वताबद्दल लिहितो की ज्वालेतून वाणी निघाली आणि ती ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या भाषेत स्पष्ट होत गेली. पुढे ताल्मुद या यहुदी ग्रंथात तर देवाचा प्रत्येक शब्द सत्तर भाषांत फुटला असं म्हटलंय.

सीनायचा विषय निघालाच आहे तर आमच्या व्यासपीठावरूनही एक दुरुस्ती हवी. ‘नियमशास्त्र मिळालं त्या दिवशी तीन हजार मेले, आत्मा आला त्या दिवशी तीन हजार तरले’ हे वाक्य मी स्वतः टाळ्या घेत म्हटलेलं आहे. पण निर्गम ३२ मधले तीन हजार सोन्याच्या वासरावरून मेले, मोशे चाळीस दिवस डोंगरावर राहून खाली उतरला तेव्हा. तो दिवस वेगळा. शिवाय सप्ताहांचा सण म्हणजे नियमशास्त्र मिळाल्याचा दिवस, असं मोशेच्या पाच पुस्तकांत कुठेच लिहिलेलं नाही. लोक तिसऱ्या महिन्यात सीनायपाशी आले एवढीच नोंद आहे. देवाने केलेल्या कराराशी सणाची सांगड ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या ‘जुबिली’ नावाच्या पुस्तकात दिसते, आणि मंदिर इ.स. ७० मध्ये पडल्यावर, भाकरी न्यायला जागाच न उरल्यावर, रब्बींच्या परंपरेत ती पक्की झाली. लूकच्या मनात वारा, अग्नी आणि वाणी लिहिताना सीनाय असेल, मला तसं वाटतंही. पण तो नाव घेत नाही. मग आपण शपथेवर सांगू नये.

अमेरिकन मालाचं उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या ज्या सभांतून हा पंथ पसरला असं म्हणतात, त्या सुरू झाल्या एप्रिल १९०६ मध्ये. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली-बायकांच्या प्रार्थनांतून संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, उसळलं ते जून १९०५ मध्ये. एका मुलीवर आग उतरलेली दिसली म्हणून सोबतीण पाण्याची बादली आणायला धावली, असं तिथल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांनी तेव्हाच लिहिलंय. त्यांचं पुस्तक चिलीतल्या एका मैत्रिणीच्या हाती पडलं आणि तिथल्या चळवळीला त्यातून धग मिळाली. त्या अनुभवाचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. तारखा मात्र बदलत नाहीत. आणि सण आणि पंथ यांत गल्लत नको. वसईच्या चर्चमध्ये पेंटेकॉस्ट पाळणारा कॅथलिक काही पेंटेकॉस्टल नव्हे.

राहिलं ते भाविकाचं ‘रद्द झाला’. कृत्ये २ च्या शेवटी बाप्तिस्मा घेतलेले लोक काय करतात? रोज मंदिरात जातात. पुढे पंचवीसेक वर्षांनी पौल इफिसला न थांबता जहाज पुढे काढतो, कारण त्याला पेंटेकॉस्टला यरुशलेमेत पोहोचायचंय. रद्द झालेल्या सणासाठी एवढी धावपळ कोण करतं? यहुद्यांच्या आणि आमच्या सणाच्या तारखा आज जुळत नाहीत त्यामागेही यहुद्यांचा आपसातला जुना वाद आहे. लेवीय २३ म्हणतं, ‘शब्बाथाच्या दुसऱ्या दिवसापासून’ मोजा. सदूकी पक्षातले लोक म्हणत, शब्बाथ म्हणजे शनिवार, तेव्हा पन्नासावा दिवस नेहमी रविवारीच. परूशी म्हणत, इथे शब्बाथ म्हणजे वल्हांडणाचा विसाव्याचा दिवस, मग वार कोणताही येवो. यहुद्यांत परूशांची मोजणी टिकली, आपला रविवार मात्र सदूक्यांच्या हिशेबाशी जुळतो. २०२५ मध्ये शावुओत, म्हणजे यहुद्यांचा हाच सप्ताहांचा सण, १ जूनच्या संध्याकाळी लागला आणि पेंटेकॉस्ट ८ जूनला आला. ठाण्याच्या सिनेगॉगवरून जाताना मला हल्ली तो मधला आठवडा आठवतो.